मानेवर गाठ आली म्हणजे टीबीच का?

इंदूरजवळच्या सांवेर रोडच्या एका ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं. घरचा बावीस जनावरांचा गोठा आहे, चार म्हशी आणि बाकी बहुतेक एचएफ (होल्स्टीन) संकरित गायी. वर्षभरात दोन गायी खात-पीत असूनही वाळत गेल्या. एकीला पातळ हगवण होती, औषधाने थांबून पुन्हा होणारी; ताप नव्हता, शेवटी जबड्याखाली सूज आली आणि ती मेली. गेल्या महिन्यात कुणीतरी येऊन सहा गायींच्या मानेत, आधी काही न मोजता, एकाच जागी ‘टीबीचं इंजेक्शन’ दिलं. दुसऱ्या दिवशी हाताने चाचपून ‘तीन पॉझिटिव्ह’ म्हणाला, ‘हाट में निकाल दो’ असा सल्ला दिला आणि पैसे घेऊन गेला. आता सासरे गायी विकायच्या म्हणतात. ताई विचारतात की यावर विश्वास ठेवायचा का, खरं कळायचं कसं, आणि घरातली दोन मुलं त्याच गोठ्याचं दूध पितात त्यांचं काय.

मी गुरांचा डॉक्टर. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि नोकरीची सगळी वर्षं मालव्यातल्या गोठ्यांत काढली, त्या अनुभवावर लिहितोय.

मुलांचं आधी. टीबीचा जंतू ६३ अंशांवर अर्ध्या तासात आणि ७२ अंशांवर पंधरा सेकंदांत मरतो, पाश्चरायझेशनची मापं हीच आहेत. आपण तर दूध वर येईपर्यंत उकळतो, तेव्हा उकळलेल्या दुधाची चिंता सोडा. धोका असतो तो धार काढता काढता प्यायलेल्या पेलाभर धारोष्ण दुधात आणि कच्च्या सायीच्या लोण्यात. इंदूरच्या जुन्या तालमींत धारोष्ण दुधाचं केवढं कौतुक होतं ते मी पाहिलंय, पण घरातल्या आजोबांना हे पटवणं गायीला गोळी खाऊ घालण्यापेक्षा अवघड! मुलांच्या गळ्याला न दुखणारी आणि दोन-तीन आठवड्यांत न जाणारी गाठ दिसली (आपली जुनी गंडमाळ), संध्याकाळचा ताप असला, वजन वाढत नसलं, तर डॉक्टरांकडे न्या आणि ‘घरच्या गोठ्यात टीबीचा संशय आहे’ हे स्वतःहून सांगा. माणसांचे डॉक्टर गोठ्याबद्दल सहसा विचारत नाहीत.

उलटंही विचारून घ्या. धार काढणारा किंवा रात्री गोठ्यात झोपणारा कुणी बरेच दिवस खोकतोय का? माणसाची टीबी गायीला लागते. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, त्याला आधी तिकडे पाठवा.

आता ते इंजेक्शन. त्या औषधाचं नाव ट्युबरक्युलिन. रॉबर्ट कॉखने १८९० साली ते माणसांच्या टीबीवरचा उपाय म्हणून आणलं. उपाय म्हणून ते सपशेल पडलं, पण गुरांच्या डॉक्टरांनी लगेच ओळखलं की रोग बरा करता आला नाही तरी रोगी जनावर यातून सापडतंय. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ झाला, जगभर आजही मुख्य चाचणी हीच आहे. ती नीट केली तर काय दिसतं ते सांगतो, म्हणजे तुमच्याकडे काय झालं ते आपोआप कळेल.

मानेच्या मधल्या भागात, एकाखाली एक, बारा-पंधरा सेंटिमीटर अंतरावर दोन जागा भादरायच्या. दोन्हीकडे कातडीची घडी चिमटीत धरून कॅलिपरने जाडी मोजायची आणि लगेच वहीत लिहायची. मग वरच्या जागी पक्ष्यांच्या टीबीच्या जंतूचं ट्युबरक्युलिन आणि खालच्या जागी गायीच्या टीबीच्या जंतूचं, प्रत्येकी ०.१ मिली. सुई कातडीच्या आत जायला हवी, कातडीखाली नव्हे. बरोबर गेली तर बोटाला वाटाण्याएवढी गुठळी लागते. नाही लागली तर औषध खाली गेलं, ती गाय मोजण्यातून बाद. मग ७२ तास थांबायचं आणि त्याच माणसाने त्याच कॅलिपरने पुन्हा मोजायचं.

एकाच जागेची चाचणी असेल तर वाढ ४ मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह, २ ते ४ म्हणजे संशयित, २ पेक्षा कमी आणि जागा कोरडी, थंड असली तर निगेटिव्ह. दोन जागांची असेल तर खालच्या वाढीतून वरची वजा करायची आणि फरक ४ च्या वर गेला तर पॉझिटिव्ह म्हणायचं.

तुमच्याकडे सुई एकाच जागी दिली, आधी मोजलं नाही, आणि चोवीस तासांनी बोटांनी वाचलं. चोवीस तासांनी तर नुसत्या सुईची सूजही हाताला लागते. तेव्हा त्या तीन गायी पॉझिटिव्ह नाहीत आणि उरलेल्या तीन निगेटिव्हही नाहीत. झालेल्या चाचणीचा कागद कोराच समजा. एक गोष्ट मात्र खरी घडली आहे: ट्युबरक्युलिन अंगात गेलंय आणि त्याने पुढच्या काही आठवड्यांसाठी कातडीची प्रतिक्रिया दबते. म्हणून पुन्हा चाचणी निदान ४२ दिवसांनी. त्या माणसाने सुई कोणत्या तारखेला दिली ते आठवून भिंतीवर लिहून ठेवा.

दोन जागा कशासाठी, हे एका उदाहरणाने सांगतो, कारण तुमच्या गोठ्याची खरी गोम मला इथेच दिसते. समजा एका गायीची वरची जागा ७ वरून १५ मिलिमीटर झाली आणि खालची ७ वरून १३. खालचीच पाहिली तर वाढ ६, म्हणजे ठार पॉझिटिव्ह. पण वरची वाढ ८ आहे! म्हणजे या गायीचं शरीर गायीच्या टीबीपेक्षा पक्ष्यांच्या जंतूच्या भावकीला जास्त ओळखतंय. त्या भावकीतलाच एक जंतू गायीच्या आतड्यात घर करतो आणि त्याने होणाऱ्या रोगाला ‘योनीज डिसीज’ म्हणतात. ड्रेस्डेनच्या योने यांनी १८९५ साली तो ओळखला. आपल्याकडे पुष्कळजण ‘जॉनीज’ म्हणतात, तसं म्हटलं तरी दवाखान्यात कळतं.

तुमची मेलेली गाय: भूक शाबूत, ताप नाही, हगवण औषधाने थांबते आणि पुन्हा सुरू होते, अंग उतरत जातं, शेवटी जबड्याखाली पाण्याची सूज. हे चित्र टीबीपेक्षा योनीजचं जास्त वाटतं. अर्थात नुसत्या वर्णनावर मी पैज लावणार नाही. खंगलेली गाय आली की मी आधी शेण तपासून यकृतातले चपटे कृमी बघतो, रक्तात थायलेरिया (गोचिडातून येणारा परजीवी) बघतो, पोटात तार किंवा प्लास्टिक आहे का याचा अंदाज घेतो. आपलं इंदूर स्वच्छतेत पहिलं येतं, पण वेशीबाहेर चरणाऱ्या गायीचं पोट फाडलं की त्या बक्षिसाची दुसरी बाजू दिसते. या तपासण्या स्वस्त आहेत, त्या आधी उरका.

योनीजचा हिशेब मोठा लांबचा असतो. वासराला तो पहिल्या काही महिन्यांत लागतो, आईच्या शेणाने माखलेल्या सडातून किंवा चिकातून. गाय हगायला लागते ती दोन वर्षांनी, कधी पाच वर्षांनीही. तुम्ही चार गायींचा चीक एका बादलीत करून सगळ्या वासरांना पाजता का? पुष्कळ गोठ्यांत पाजतात. तेवढं आजपासून बंद. मेलेल्या गायीच्या मुली आणि त्या मोसमात त्याच बादलीचा चीक प्यायलेल्या कालवडी कोणत्या, हे सासूबाईंना विचारा. घरातल्या बायकांना ते बरोबर आठवतं, पुरुषांना फक्त दूध किती होतं तेवढंच.

तपासणीत एक खाच आहे. योनीजसाठी रक्ताची किंवा दुधाची एलायझा चाचणी (जंतूविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी) सोयीची खरी, पण नुकतंच ट्युबरक्युलिन दिलेल्या गायीत ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून त्या सहा गायींचं रक्त निदान तीन महिने थांबवा. तोवर गुदद्वाराच्या आतून नव्या हातमोज्याने काढलेलं शेण पीसीआरला (जंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीला) पाठवा. जमिनीवरचं शेण नको, त्यात शेजारणीचंही असतं. कल्चरही (प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघणं) करता येतं, पण हा जंतू मायकोबॅक्टिन नावाचं पोषक घटक घातल्याशिवाय वाढत नाही आणि घातलं तरी तीन-चार महिने घेतो. मथुरेजवळ मखदूमला केंद्रीय शेळी संशोधन संस्था आहे, तिने या जंतूवर पुष्कळ काम केलंय. आपल्या देशात त्याचा ‘बायसन’ प्रकारच मुख्यतः सापडतो, हे तिथल्याच कामातून कळलं.

आणि आता उलटा फास. योनीज असलेल्या गायीला टीबीही असेल, तर वरची जागा एवढी फुगते की वजाबाकीत टीबी लपून जाते. म्हणून ज्या गोठ्यात दोन्हींचा संशय आहे तिथे मी एकेका गायीचा निकाल सांगत नाही. पूर्ण गोठ्याचे आकडे समोर ठेवून पाहतो. सगळ्यांची वरचीच जागा वाढत असेल तर एक गोष्ट, पाच-सहाजणींची खालची ठळक वाढलेली असेल तर वेगळी.

हे मी शिकलो ते स्वतःच्या चुकीने. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात देपालपूरच्या बाजूला एक गोठा होता. सतरा गायी तपासल्या, चार पॉझिटिव्ह आल्या, त्या वेगळ्या बांधायला लावल्या. कोपऱ्यात एक म्हातारी गाय होती, बरगड्या मोजता याव्यात अशी, पहाटे खोकणारी. तिची कातडी केसभरही वाढली नव्हती. मी ‘निगेटिव्ह’ लिहिलं. मालकाने आनंदाने तिला पाण्याच्या हौदाजवळच ठेवलं. वर्षाने पुन्हा गेलो तर पहिल्यांदा स्वच्छ निघालेल्यांतल्या आणखी चौघीजणी पॉझिटिव्ह. म्हातारी मेली तेव्हा मालकाने निरोप पाठवला आणि मी तिला उघडलं. फुप्फुसांमधली लसिकेची गाठ एरवी लिंबाएवढी असते, तिची आंब्याएवढी होती. सुरी घातली तर वाळूत घातल्यासारखी करकरली. आत पिवळट, जुन्या खव्यासारखा घट्ट मगज आणि त्यात चुन्याचे कण. काचेवर घेऊन झील-नीलसन रंग दिला, निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या, म्हणजे टीबीचे जंतू, दिसल्या. रोग फार पुढे गेला की शरीर प्रतिक्रिया द्यायचंच थांबतं, हे मी परीक्षेत लिहून पास झालो होतो. हौदाजवळच्या गायीवर मात्र ते लावलं नव्हतं. नुकत्याच व्यायलेल्या गायीतही पहिले चार-सहा आठवडे असंच फसायला होतं.

तेव्हापासून माझा नियम असा: गायीचा रिपोर्ट नको, गोठ्याचा हवा. सहाच गायी तपासून उपयोग नाही. सहा आठवड्यांहून मोठ्या सगळ्या जनावरांना एकाच दिवशी सुई, म्हशींनाही, आणि ७२ तासांनी सगळ्यांचं वाचन. ट्युबरक्युलिन इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत तयार होतं. ते २ ते ८ अंशांत जपावं लागतं, म्हणून सरकारी पशुवैद्यकामार्फत मागवा. खिशातून बाटली काढणाऱ्याकडून नको.

रक्ताची गॅमा इंटरफेरॉन चाचणीही आहे, ऑस्ट्रेलियात निघालेली, आणि चांगली आहे. पण तिच्यासाठी रक्तातल्या पेशी जिवंत पोहोचायला लागतात. बर्फात घातलं की खेळ संपला आणि दिवसभरात प्रयोगशाळेत पुढची क्रिया सुरू व्हायला हवी. गोठ्यातून हे जमवणं कठीण, म्हणून तिच्या मागे लागू नका.

‘टीबी’ म्हणजे नक्की कोणता जंतू, हाही प्रश्न आहे. पुस्तकात गायीचा जंतू बोव्हिस. माणसाच्या आणि गायीच्या जंतूतला फरक थिओबाल्ड स्मिथने १८९८ साली दाखवला. १९०१ साली लंडनच्या परिषदेत कॉखने गायीच्या टीबीपासून माणसाला फारसा धोका नाही असं सांगून टाकलं, आणि ते खोटं ठरवायला ब्रिटिश रॉयल कमिशनला दहा वर्षं लागली. आपल्याकडे चित्र आणखी वेगळं निघतंय. वेल्लोरच्या रुग्णालयातल्या माणसांचे ९४० नमुने तपासलेला अभ्यास २०२० साली आला. त्यात गायीचा रानटी (म्हणजे बीसीजी लशीतला नव्हे असा) बोव्हिस एकही नव्हता, पण ओरिजिस नावाचा त्याचा भाऊ सात जणांत होता. ओरिजिस भारतात गायींत सापडलाय आणि काळवीट-चितळांतही. आमच्या शाजापूरकडे काळविटांचे कळप शेतात उभे असतात, ते वाचून मी जरा सावध झालो.

याचा तुमच्याशी संबंध काय? तुमच्या घरात कुणाला टीबी निघाली तर सरकारी दवाखान्यात जीनएक्सपर्टवर तपासणी होईल. ते यंत्र टीबीच्या घराण्यातला जंतू आहे हे सांगतं, रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतो की नाही हे सांगतं, पण माणसाचा की गायीचा हे सांगत नाही. आणि बोव्हिस जात्याच पायराझिनामाइडला दाद देत नाही, जे नेहमीच्या चार औषधांतलं एक आहे. म्हणून तिथेही गोठ्याचा उल्लेख करा आणि नमुना कल्चरला, प्रजाती ओळखायला जाईल का ते विचारा. कल्चरचंही सांगतो: माणसांच्या प्रयोगशाळेतलं ग्लिसरॉल घातलेलं माध्यम बोव्हिसला मानवत नाही, त्याला पायरुव्हेट लागतं. तेव्हा ‘काही वाढलं नाही’ याचा अर्थ ‘काही नव्हतं’ असा होत नाही.

आता माग काढणं. परदेशात जंतूच्या डीएनएचा ठसा घेतात. स्पोलिगोटायपिंगमध्ये ४३ जागा आहेत-नाहीत असं बघून पट्टी तयार होते, दुकानातल्या बारकोडसारखी. त्याहून बारीक म्हणजे पूर्ण जीनोम वाचणं, सुमारे ४३ लाख अक्षरं. पण हा जंतू फार सावकाश बदलतो, एखाद-दोन वर्षांत कदाचित एकही अक्षर बदलणार नाही. त्यामुळे दोन गायींचा जंतू हुबेहूब एक निघाला तरी कुणी कुणाला दिला हे जीनोम एकटा सांगू शकत नाही. ते सांगते वही, कोण कधी कुठून आली आणि कुणाच्या शेजारी बांधली होती याची.

ऑस्ट्रेलियाने १९७० साली मोहीम सुरू केली आणि १९९७ अखेर देश टीबीमुक्त जाहीर केला. त्यांचं मोठं हत्यार कत्तलखान्यात होतं. जनावराच्या शेपटीला पट्टी, आत गाठ सापडली की पट्टीवरून मालकाचं रान शोधायचं आणि तिथला सगळा कळप तपासायचा. आपल्याकडे ते नाही. मध्य प्रदेशात गोवंश कापायला बंदी आहे आणि मेलेली गाय कुणी उघडत नाही, गाडी येते आणि घेऊन जाते. २०१८ साली भारतातले जुने अभ्यास एकत्र करून काढलेला गुरांतल्या टीबीचा अंदाज ७.३ टक्क्यांचा होता, म्हणजे जवळजवळ २ कोटी १८ लाख गुरं. एवढ्या गायी कुठे ठेवणार, याचं उत्तर कुणाकडेच नाही, आणि म्हणून हाट नावाची पळवाट चालू राहते.

तुमच्या सासऱ्यांना तेवढं सांगा की हाटात काढलेली गाय नाहीशी होत नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी गव्हाणीला लागते. गोशाळेत न सांगता सोडणंही तसंच. एका गोशाळेत मला तीन महिन्यांत अशा पाच गायी दिसल्या, पाचींच्याही मालकांनी ‘भाकड है’ एवढंच सांगितलं होतं. खरी चाचणी पॉझिटिव्ह आली तर ती गाय वेगळ्या छपराखाली, वेगळी बादली, वेगळं पाणी, धार सगळ्यात शेवटी, आणि तिचं दूध वासराला कच्चं नाही. कुणी आयसोनियाझिडच्या (माणसांच्या टीबीवरच्या औषधाच्या) गोळ्या चारायला सांगेल, ऐकू नका. जंतू पुरता मरत नाही, औषध दुधात उतरतं आणि प्रतिकार वाढतो. गोठ्याचं शेण खरवडून मग जंतुनाशक टाका, शेणावर टाकलेलं वाया जातं. छप्पर उघडता येत असेल तर उघडा, ऊन फुकट आहे आणि या जंतूला सोसत नाही.

वहीचं पान असं आखा: कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, कुठून आणि कधी आली, आई कोण, चीक कुणाचा प्यायली, शेजारी कोण बांधलेलं, कधी व्याली, सुईची तारीख, चारही मापं. पहिलं पान मेलेल्या गायीचं. तिचा बिल्ला खुंटीला अडकवलेला असेल तर बघा, नसेल तर विमा किंवा लसीकरणाच्या कागदावर नंबर असतो. तो नंबर सरकारी दवाखान्यातून ‘भारत पशुधन’ या जनावरांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत बघून घ्या. ती विकत घेतलेली असेल तर आधी कुणाच्या नावावर होती हे तिथे कळू शकतं, आणि मग त्या माणसाला फोन लावून विचारा की त्यांच्याकडची बाकीची जनावरं कशी आहेत.